दुसऱ्या पाळीचं तिकीट

अंबिका गेली त्या सकाळी धर्मा चर्चगेटला वर्ल्डकपच्या तिकिटांच्या रांगेत उभा होता.

पहाटे पाचला त्याने नंबर लावला, तरी पुढे दोनेकशे माणसं होतीच. कॉलेजची मुलं होती, ऑफिसात आजारी असल्याचं कळवून आलेले बाबू होते, आणि साहेबांसाठी नंबर लावायला आलेले शिपाई होते. धर्माला कुणी पाठवलं नव्हतं. शिवडीच्या गोदामावर तो वॉचमन होता आणि स्वतःच्या पगारातून दोन तिकिटं घ्यायला आला होता. दोन तिकिटांत अर्धा पगार जाणार होता. एक तिकीट त्याचं, एक अंबिकाचं. कावीळ झाली म्हणून अंबिका पाच दिवस परळच्या इस्पितळात होती. उतार आहे, आठवड्यात घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले होते. मॅच बारा दिवसांवर होती. आदल्या संध्याकाळी तिने विचारलं होतं, "दिव्यांच्या उजेडात बॉल दिसतो का हो नीट?" धर्मा म्हणाला होता, "आपण बघू की जाऊन."

साडेदहाला खिडकी पाच-सहा माणसांवर आली, तेव्हा तुळशीदास आला. घामाघूम झाला होता. धर्माला आधी त्याच्या हातातला पेजेचा डबा दिसला. नको नको सांगितलं तरी हा माणूस रोज सकाळी इस्पितळात पेज घेऊन जात होता.

"धर्मा, चल."

"नंबर आलाय माझा."

"राहू दे नंबर. चल तू."

"तिकीट पाहिजे तर मागे उभा राहा. मध्ये घुसू देणार नाहीत इथे."

तुळशीदास मागे सरकला. दोरीच्या बाहेर उभा राहिला. त्याला बघायला मिळावं म्हणून धर्माने मुद्दाम सावकाश पैसे मोजले, तिकिटं उजेडात धरून तपासली, आणि आतल्या खिशात ठेवली.

"दोन घेतली," बाहेर येऊन तो म्हणाला. "या वेळी तुझ्या तिकिटाची गरज नाही आम्हाला."

तेव्हा तुळशीदास म्हणाला, "वहिनी गेल्या रे. साडेनऊला."

धर्माच्या मनात पहिला विचार आला तो असा, की साडेनऊला तू तिथे होतास आणि मी नव्हतो. रडू त्यानंतर आलं. त्या पहिल्या विचाराची त्याला पुढे फार लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

धर्मा आणि तुळशीदास लालबागच्या एकाच गिरणीत होते. धर्मा कायम कामगार होता, दोन साचे, म्हणजे माग, चालवायचा. तुळशीदास बदली कामगार. बदलीवाल्याने रोज सकाळी कार्ड घेऊन फाटकाशी उभं राहायचं. कुणी कायम माणूस आला नाही, तर भोंगा झाल्यावर त्याचा साचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बदलीवाल्याला द्यायचा. धर्मा गावी गेला की त्याचे साचे हटकून तुळशीदासच्या वाट्याला यायचे. परत आल्यावर धर्माला आपला साचा कुणीतरी वापरलेल्या चपलेसारखा वाटायचा.

अंबिका खाणावळ चालवायची. घरची माणसं गावी ठेवून मुंबईत एकटे राहणारे चौदा-पंधरा गिरणीवाले तिच्याकडे जेवायचे. प्रत्येकाचं पितळी ताट वेगळं, काठावर नाव कोरलेलं. मांडणीवर ती ताटं ओळीने उभी असायची. धर्मा-अंबिकाला मूलबाळ झालं नाही, तेव्हा घर म्हणजे हीच ताटं.

अंबिकाला क्रिकेटचं वेड होतं. मैदान तिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण रेडिओवर ऐकून ऐकून सिली पॉइंट कुठे आणि लॉंग लेग कुठे ते पोळपाटावर पिठाचे गोळे मांडून दाखवायची. टेस्ट मॅच असली की जेवणाऱ्यांचे हाल.

"वहिनी, वरण वाढा हो."

"ओव्हर संपू दे. वरण कुठे पळून जातंय?"

"वरण नाही जात, पण आमचा भोंगा होतोय ना!"

"मग गिरणीवाल्याला सांगा, दोन बॉल राहिलेत म्हणून."

सगळे हसायचे. तुळशीदास जरा जास्त हसतो असं धर्माला वाटायचं. बांगड्याचा मधला तुकडा त्याच्याच ताटात जास्त वेळा पडतो, हेही धर्माने हेरून ठेवलं होतं. एकदा त्याने ते बोलून दाखवलं. अंबिका म्हणाली, "तो काटे काढत बसत नाही, सगळं खातो. तुम्ही मधला तुकडा चिवडून टाकता."

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. पहिले सहा महिने अंबिकाने उधारीवर जेवू घातलं. मग एकेक जण गावी जायला लागला, आणि जाताना आपलं ताट घेऊन जायला लागला. सत्त्याऐंशी उजाडेपर्यंत मांडणीवर दोनच ताटं उरली. एक धर्माचं आणि एक तुळशीदासचं.

तुळशीदास एका ठेकेदाराकडे रंगारी झाला होता. त्या वर्षी आपल्या देशात वर्ल्डकप होता आणि सेमीफायनल मुंबईत. स्टेडियमच्या पायऱ्यांवर जागांचे आकडे रंगवायचं काम त्या ठेकेदाराला मिळालं. काम संपल्यावर त्याने मजुरीचा थोडा भाग दाबला आणि त्याऐवजी तुळशीदासच्या हातावर मॅचचं एक तिकीट ठेवलं. त्या संध्याकाळी जेवून झाल्यावर तुळशीदासने ते ताटाजवळ ठेवलं.

"वहिनी, हे तुमचं. जागा मी बघून ठेवलीय. बारानंतर तिथे ऊन येत नाही."

अंबिकाने पदराला हात पुसले आणि तिकीट दोन्ही हातांत घेतलं. तिच्या तोंडावर जे दिसलं ते धर्माने लग्नाच्या अठरा वर्षांत दोन-तीनदाच पाहिलं होतं, आणि त्यातलं एकदाही त्याने दिलेल्या वस्तूमुळे नव्हतं. तिकिटावर किंमत छापली होती. त्याच्या हातात तेव्हा तेवढे पैसे आठवड्यातही येत नव्हते. आपल्या बायकोला सावलीतली जागा बघून ठेवायची ती या माणसाने, हे त्याला फार लागलं.

"तुळशाच्या तिकिटावर मी या जन्मात मॅच बघणार नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी दिलंय?" अंबिका म्हणाली. "एकच आहे."

मॅचच्या सकाळी ती हिरवं लुगडं नेसली. जाताना धर्माला एवढंच म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी या हं. नक्की या." येताना सोबत हवी असेल, असं धर्माने धरलं.

तो गेला. सुट्टीच्या बराच आधी पोचला आणि फाटकासमोर रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीशी उभा राहिला. आतून गर्जना उठत होती. चाळीस हजार माणसं आत आहेत, असं टपरीवाला म्हणाला. मग सुट्टी झाली. माणसं परत आत येण्याचा पास घेऊन बाहेर पडू लागली. त्यांत अंबिका दिसली, आणि ती दिसायच्या आत तुळशीदास दिसला. इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभा. त्याने तिला पाण्याची बाटली दिली. तिने पाणी पिऊन काहीतरी सांगितलं आणि हसली. तोंडाला पदर न लावता मोठ्याने हसली. तुळशीदासही हसला. मग ती दोघं तिथेच शेजारी शेजारी उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत खेळ सुरू झाल्याचा गलका झाला तरी हलली नाहीत.

धर्मा वळला आणि घरी आला.

तीनच्या सुमाराला अंबिका आली. धर्मा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "झाली चैन?" त्याने विचारलं. तिने लुगडं बदललं, घडी घालून ट्रंकेत ठेवलं, आणि पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी तिने रेडिओ लावला नाही. डोळ्यांनी बघून आल्यावर रेडिओ कशाला लागतोय, असं धर्मा मनाशी म्हणाला. आपण हरल्याचं शेजारच्या घरातून कळलं.

पुढे नऊ वर्षं त्या मॅचचा विषय घरात निघाला नाही. तुळशीदास जेवायला येत राहिला. आणि धर्मा एकेक रुपया बाजूला टाकत राहिला, की परत मुंबईत वर्ल्डकप येईल तेव्हा तिकिटं माझी असतील.

अंबिकाला जाऊन आठ दिवस झाल्यावर धर्माने मांडणीवरून तुळशीदासचं ताट काढलं, पिशवीत घातलं, आणि परळला गेला. तिथे तुळशीदासच्या गावकीची एक खोली होती. वीस माणसांच्या वीस ट्रंका, भिंतीला वीस खुंट्या. दुपारचा तुळशीदास एकटाच होता.

"हे तुझं ताट."

तुळशीदासने ताट घेतलं. आपल्या नावावरून अंगठा फिरवला. "बस. चहा सांगतो."

"बसायला नाही आलो. एक विचारायचंय. सत्त्याऐंशीच्या मॅचला तुम्ही दोघं किती वेळ बरोबर होता?"

"बरोबर कसे असणार? एका तिकिटावर दोन माणसं बसतात होय? मी बाहेर, त्या आत."

"आणि सुट्टीनंतर?"

"सुट्टीनंतर पाळी बदलायची होती. पहिली पाळी वहिनींची, दुसरी तुझी."

"माझी?"

"मग काय माझी? मला कुठे क्रिकेटचं पडलंय? दोन महिने ते आकडे काढून माझं डोकं उठलं होतं. वहिनींनीच ठरवलं सगळं. म्हणाल्या, घरी सांगितलं तर हे हटून बसतील. फाटकाशी आले की हातात पासच ठेवते, मग चार लोकांत नाही म्हणता येणार नाही. मी म्हटलं, तो मला बघून भडकेल. तर म्हणाल्या, भडकू दे, आत जाऊन भडकेल."

धर्मा ट्रंकेवर बसला.

"त्यात आपण टॉस जिंकलो आणि फिल्डिंग घेतली," तुळशीदास म्हणाला. "म्हणजे वहिनींच्या पाळीला इंग्लंडची बॅटिंग आली. त्या बाहेर आल्या तसा मी म्हटलं, वहिनी, परत जा आत, आपली बॅटिंग बघा, धर्माला मी समजावतो. 'नको भावोजी,' म्हणाल्या. 'ठरलं तसं होऊ दे. आपली बॅटिंग ह्यांना बघू दे. साच्याशी उभा राहणारा माणूस पाच वर्षं नुसता बसून आहे. जरा ओरडू दे त्यांना.' "

खालून चहावाला गेला. तुळशीदासने त्याला हाक मारली नाही.

"हसत काय होती ती?" धर्माने विचारलं.

"कधी?"

फाटकाशी, असं धर्माच्या ओठांवर आलं. मग म्हणाला, "आत. मॅच बघताना. हसली-बिसली असेल ना."

"ते मी कसं सांगू? मी कुठे आत होतो? बाहेर आल्यावर हसल्या खऱ्या. शेजारी कोण एक पारशी म्हातारा बसला होता. वहिनी इतक्या ओरडत होत्या की त्याने विचारलं, बाई, यातला तुमचा मुलगा कुठला? वहिनींनी सांगितलं, अकराच्या अकरा."

धर्माने मान खाली घातली. नऊ वर्षं तो तुळशीदासवर जळत होता, आणि तुळशीदास तर आत नव्हताच. मग तिला मॅच बघताना पाहिलं कुणी? त्या पारशाने. मागच्या रांगेतल्यांनी, पुढच्यांनी. चाळीस हजार माणसांतल्या कुणीही मान वळवली असती तर त्याला दिसलं असतं, की अंबिका ओरडताना कशी दिसते. धर्माला ते माहीत नव्हतं. त्या चाळीस हजारांचा त्याला हेवा वाटला. तुळशीदासचा हेवा निदान एका माणसाचा होता.

"आणि दुसरी पाळी कुणी बघितली?" त्याने विचारलं.

"कायम माणूस हजर नाही झाला तर काय करतात? पहिली विकेट पडली, आतले लोक कळवळले, तरी आम्ही तुझी वाट बघतोय. शेवटी वहिनींनी पास माझ्या हातात दिला आणि त्या घरी गेल्या. तुझ्या जागेवर मी बसलो. जन्मभर तेच करत आलोय." तुळशीदास हसायला गेला पण हसू आलं नाही. "पण तू का नाही आलास रे? वहिनी म्हणाल्या, मोर्चात अडकले असतील."

"हो," धर्मा म्हणाला. "मोर्चा होता."

तुळशीदासने ताट आपल्या ट्रंकेवर ठेवलं. "तेराव्याला येतो," तो म्हणाला. "हे घेऊनच येतो."

तेरावं आणि मॅच एकाच दिवशी आली. दुपारी पानं उठली. तुळशीदास आपल्या ताटात जेवला, ताट स्वतः घासलं आणि कुणाला न विचारता मांडणीवर ठेवलं. धर्माने शर्ट बदलला. शेजारच्या आनंदीबाई दारातच होत्या.

"अगो बाई, तेराव्याला मॅच? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते तुम्ही ऐकून ठेवा, आनंदीबाई. आल्यावर सांगा मला."

जिन्यात तुळशीदासने विचारलं, "दोन तिकिटं आहेत ना तुझ्याकडे. मी येऊ?"

"नको," धर्मा म्हणाला. "एक तिचं आहे."

स्टेडियम खच्चून भरलं होतं. तोंडं रंगवलेली मुलं, गॉगल लावलेल्या बाया, एकेका घरची सात-आठ माणसं. यांच्यातल्या किती जणांनी अर्धा पगार दिला असेल, असं धर्माच्या मनात आलं. तो आपल्या जागेवर बसला आणि शेजारच्या जागेवर हात ठेवला.

"काका, कोणी आहे इथे?"

"आहे."

थोड्या वेळाने दुसरा. "अंकल, खाली है क्या?"

"नाही. येतेय."

मग पाठीमागची एक बाई म्हणाली, "तासभर येतेय, येतेय चाललंय. लोक पायऱ्यांवर बसलेत, आणि ह्यांनी जागा अडवून ठेवलीय."

धर्माने वरच्या खिशातून तिकीट काढून तिला दाखवलं. "पैसे दिलेत बाई," तो म्हणाला. जागा दिली नाही. खाली वाकून बघितलं तर नव्या रंगाखाली पायरीवर जुना पांढरा आकडा अंधुक दिसत होता. सातच्या पोटाला आडवी रेघ. ती तुळशीदासची सवय. धर्माने त्यावर पाय ठेवला.

ऑस्ट्रेलियाची बॅटिंग संपली. दिवे लागले होते. बॉल दिसत होता, अगदी शिवणीसकट म्हणावं इतका स्वच्छ. सुट्टीत धर्मा उठला आणि त्या जुन्या फाटकाशी आला.

"बाहेर गेलात तर परत आत नाही," पोलीस म्हणाला.

"नाही जात. उभा राहतो."

तो फाटकाच्या आत उभा राहिला आणि बाहेर बघू लागला. नऊ वर्षांपूर्वी अंबिका इथेच उभी होती, दोन पावलं पुढे. समोर रस्ता, पलीकडे टपरी. टपरी अजून होती. टपरीशी एक माणूस पान लावून घेत होता. संध्याकाळ झाली होती, मध्ये गर्दी होती, तरी त्याची मिशी दिसत होती, शर्टाची रेघ दिसत होती, सुपारी निवडून घेताना बोट दाखवलं तेही दिसलं.

धर्माने गज धरला.

त्या दिवशी भर दुपारचं ऊन होतं. तो गिरणीतला निळा शर्ट घालून, ती बाहेर आल्यावरही पाव तास त्या टपरीशी उभा होता. आणि अंबिकाची नजर अशी, की तांदळातला खडा दारातून दिसायचा. ती तर त्याचीच वाट बघत होती, रस्त्याकडेच बघत होती.

तिने घरी येऊन विचारलं नव्हतं, का आला नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतर नऊ वर्षांत कधीही नाही. मोर्चाचं तिने तुळशीदासला सांगितलं होतं, आणि त्या दिवशी कुठला मोर्चा नव्हता हे तिला माहीत होतं.

आत आपली बॅटिंग सुरू झाली. गलका झाला. पाठीमागून कुणीतरी धक्का देऊन गेलं. धर्मा थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग फाटकातून बाहेर पडला. आपण त्याही मॅचला हरलो.

धर्माचं तिकीट फाटलं. अंबिकाचं न फाटता हिरव्या लुगड्याच्या घडीत आहे. तुळशीदास दर रविवारी जेवायला येतो. धर्मा बांगडे आणतो, आणि मधला तुकडा त्याच्या ताटात घालतो, पण घालताना हात अजून अडखळतो. तिने आपल्याला पाहिलं होतं का, हे सांगू शकेल असा तुळशीदास एकच माणूस उरला आहे. तो तिच्या शेजारी उभा होता. त्याला विचारायचं, तर आपण रस्त्यापलीकडे होतो हे आधी सांगावं लागेल.

ते अजून सांगायचं राहिलं आहे.